आपापलं पाणी

नानांनी चप्पल घातलेल्या पायानं खुर्ची ढकलली.

दोन खुर्च्यांच्या पाठींवर काठी आडवी टाकलेली होती आणि काठीवर नुकत्याच काढलेल्या ओल्या शेवया होत्या. खुर्ची सरकली, काठी निसटली, शेवया पोर्चच्या फरशीवर पसरल्या. त्या जिच्या होत्या ती बाई जुन्या लातुरातून रिक्षा करून आली होती. "अगं माय!" म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

"आता घ्या फोटो," नाना महापालिकेच्या माणसाला म्हणाले. "मशीन दिसू द्या, बायका दिसू द्या. सगळं आलं पाहिजे."

नाना म्हणजे आमच्या कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. नोकरीतून निवृत्त झालेले, पण अधिकारातून नाही. सकाळी फिरायला निघतात तेव्हा प्रत्येकाच्या फाटकातून आत डोकावतात आणि त्याला देखरेख म्हणतात. त्या दिवशी ते डोकावले नाहीत, सरळ आत आले. आमच्या घरात त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडलं होतं.

"निवासी भाग हाय हा, बाई. तुमच्या वस्तीत चालत आसंल. इथं न्हाई चालायचं."

तुमच्या वस्तीत.

माझी वस्ती हीच. घरपट्टी मी याच घराची भरते, विजेचा मीटर याच भिंतीवर आहे, माझ्या मुलीच्या आधार कार्डावर हाच पत्ता आहे. हे सगळं मला त्या क्षणी सुचलं नाही. सुचलं तेव्हा नाना निघून गेले होते आणि महापालिकेचा माणूस दाराला नोटीस चिकटवत होता. मी खाली बसून फरशीवरच्या शेवया गोळा करत होते. त्या आता कुणाच्याच कामाच्या नव्हत्या, तरी गोळा करत होते. मला नानांपेक्षा माझ्या त्या हातांचाच जास्त राग आला.

मी नायगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमचं घर बौद्ध. आई-बाप लोकांच्या शेतात रोजानं जायचे. लग्न होऊन मी लातूरला आले. नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. रिंग रोडच्या पलीकडं प्लॉट पडले तेव्हा आम्ही एक लहानसा घेतला आणि जमेल तसं बांधत गेलो. दोन खोल्या आणि पुढं पोर्च. राहायला आलो त्या दिवशी भंतेजी आले, वंदना झाली. कॉलनीनं ती फाटकाबाहेरून ऐकली. आम्ही कोण, हे त्या सकाळपासून सगळ्यांना माहीत आहे.

तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. उलट समोरच्या घरातल्या काकू दुसऱ्याच दिवशी कढीपत्त्याचं रोप घेऊन आल्या. "लाव कोपऱ्यात, लई जोरात येतंय," म्हणाल्या. मी हरखून गेले. मला वाटलं, शहर आहे, शिकलेली माणसं आहेत, ते सगळं गावाकडंच राहिलं.

मग नवऱ्याच्या मणक्यातली गादी सरकली. व्हॅनवर बसणं बंद झालं. तो कमरेला पट्टा बांधून घरात पडून राहायला लागला आणि छताकडं बघायला लागला. माणूस छताकडं बघायला लागला की बाईला उठावं लागतं. मी बचत गटातून शेवयांचं मशीन घेतलं. त्या दिवसापासून आमचं घर त्या मशीनवर चालतं. मुलीची शाळा त्यावर, नवऱ्याचं औषध त्यावर, गॅसची टाकी त्यावर. उन्हाळा चांगला गेला तर पुढचं वर्ष निभतं. बाकीच्या दिवसांत थोडं शिवणकाम, थोड्या कुरडया, पण खरा आधार मशीनचाच.

आमच्याकडं उन्हाळ्यात घरोघर शेवया करतात. पूर्वी बायका एकमेकींकडं जाऊन हातानं वळायच्या. आता कुणाला तेवढा वेळ नाही आणि मनगटंही तशी राहिली नाहीत. म्हणून मशीन. रवा घेऊन बायका यायच्या, माझ्या पोर्चमध्ये बसून मीठ घालून घट्ट मळायच्या. गोळा वरून टाकायचा, बटन दाबायचं, खालच्या जाळीतून शेवया सुटतात. त्या हातावर झेलायच्या आणि काठीवर टाकायच्या. गप्पा, हसणं, सासवांच्या चहाड्या, सगळं त्यातच. घरात पडलेला माझा नवरा सुद्धा आतून एखादा शब्द टाकायचा.

येताना कॉलनीतल्या प्रत्येकीच्या पिशवीत रवा असायचा, मीठ असायचं, धुतलेलं पांढरं कापड असायचं. आणि पाण्याची बाटली.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. लातूरच्या माणसाला नाही. या शहरानं रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेलं आहे. नळ कधी येईल याचा इथं कुणी भरवसा देत नाही. अशा गावात दुसऱ्याच्या घरी जाताना आपलं पाणी आपण नेणं ही समजूत असते. मी स्वतः उदगीरला नणंदेकडं जाताना कॅन भरून नेलेला आहे. कुणाच्या भरलेल्या हंड्याला हात लावायचा म्हणजे त्यांच्या लेकरांच्या वाट्यातलं उचलायचं, असं आम्हाला वाटतं. त्यामुळं त्या बाटल्या बघून मला बायकांचं कौतुक वाटायचं. बाहेरून आलेली एखादी बाई सरळ माझ्या हंड्यात तांब्या बुडवायची तेव्हा मी मनात म्हणायचे, हिला काही रीत नाही.

आणखी एक होतं. शेवया झेलायचं काम खरं मशीनवालीचं. पण कॉलनीतल्या बायका मला झेलू द्यायच्या नाहीत.

"तू बस गं. दमली आसशील. बटन तेवढं बघ, आम्ही झेलतो," काकू म्हणायच्या.

मी बसायचे. पंख्याखाली. मालकिणीसारखी.

हे सगळं मी एकदा कौतुकानं आईला फोनवर सांगितलं. "लई समजदार बायका हायेत आई इथल्या," म्हणाले. आईनं विचारलं, "तुझ्या घरी च्या पितेत का?" "उन्हाळ्यात कोण पितंय च्या?" मी म्हणाले. आई गप्प बसली. आईचं असं गप्प बसणं मला कधीच आवडलेलं नाही. मी दुसरा विषय काढला.

तर नोटीस. राहत्या जागेचा व्यवसायासाठी वापर होतो आहे, खुलासा द्यावा, जागेची पाहणी होईल. नानांच्या तक्रारीत तीन गोष्टी होत्या. मशीनचा आवाज, बायकांची गर्दी आणि घरगुती नळाचं पाणी धंद्याला वापरणं.

वाचून मला आधी हसूच आलं. नानांच्या घराचे वरचे दोन मजले नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या भाडेकरू पोरांनी भरलेले आहेत. कोपऱ्यावरच्या बंगल्यात शिकवणी चालते, संध्याकाळी तिथल्या स्कूट्यांतून सायकलसुद्धा जात नाही. एका घरात साड्या विकतात, एका घरात पतपेढीच्या एजंटाचं बसणं-उठणं असतं. ती सगळी घरं निवासी. माझं दोन खोल्यांचं घर तेवढं व्यावसायिक झालं होतं.

पण हसून नोटीस जात नाही. मी खुलासा लिहिला आणि महापालिकेत गेले. खिडकीतल्या बाईंनी वाचला. चांगल्या होत्या. म्हणाल्या, "घाबरू नका ताई. राहत्या घरात घरच्याच माणसानं छोटा धंदा करायला बंदी न्हाई. जागा थोडी पाहिजे, मोटर लहान पाहिजे, शेजाऱ्याला तरास नको. आन् घरगुती नळाचं पाणी धंद्याला वापरायचं न्हाई. तेवढं बसलं की परवानगी निघती."

मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात सगळं तपासलं. जागा थोडी. मोटर लहान. आवाज काही फार नाही. आणि पाणी? पाण्याचं तर माझं सगळ्यात पक्कं होतं. बायका आपापलं आणतात. मला एवढं हलकं वाटलं की येताना मी मुलीसाठी कुल्फी घेतली.

पाहणीला तरुण अभियंता आला. बूट बाहेर काढून आत आला, नवऱ्याला "पडून राहा, पडून राहा" म्हणाला. तेवढ्यानंच मला तो बरा वाटला. नाना समितीच्या माणसांना घेऊन पोर्चमध्ये उभे होते. फाटकाशी काकू आणि कॉलनीतल्या बायका होत्या. कुणी माझ्या बाजूनं आलं होतं, कुणी बघायला, कोण कशासाठी ते मला कळत नव्हतं.

अभियंत्यानं पोर्च मोजला. मोटरवरची पाटी वाचली. मला मशीन चालू करायला लावलं आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभा राहिला. परत येऊन म्हणाला, "मिक्सरएवढा आवाज आहे." नानांच्या कपाळावर आठी पडली. गर्दीचं विचारलं तर मी म्हणाले, बायका पायी येतात, गाड्या लागत नाहीत, समोर बघा. त्यानं रस्त्याकडं बघितलं आणि लिहिलं.

"आता पाणी. घरगुती नळाचं वापरता का?"

या प्रश्नाची मी वाटच बघत होते. पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाई साहेब. कॉलनीतल्या बायका आपापलं पाणी घेऊन येतेत. घरून, बाटलीत. बाहेरची एखादी आली तर तिला काय लागतं तेवढं माझं. विचारा की काकूंना. काकू, सांगा ना."

काकूंनी माझ्याकडं बघितलं नाही. फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिल्या.

"हाव," त्या म्हणाल्या. "आणतो आम्ही."

"टंचाई म्हणून ना?" अभियंत्यानं लिहिता लिहिताच विचारलं.

काकूंना पुन्हा एकदा हाव म्हणून सुटता आलं असतं. अभियंत्यानं उत्तर आयतंच समोर ठेवलं होतं. पण काकूंना खोटं बोलता येत नाही. हे मला त्यांचं फार आवडायचं.

"तसं न्हाई साहेब. घरात देवाधर्माचं हाय. आखितीच्या सणाला पितरांला ह्याच शेवया लागतेत, नैवेद्याला लागतेत. सासूबाईंला चालत न्हाई."

"काय चालत न्हाई?" मी विचारलं. खरंच विचारलं. मला कळलं नव्हतं.

बाकीच्या बायकांतल्या एकीनं दुसरीच्या हाताला चिमटा काढला, तो मला दिसला.

उत्तर नानांनी दिलं. त्यांना त्यात अवघड असं काही वाटलं नाही. लहान लेकराला समजावावं तसं म्हणाले, "मशीनचं काही न्हाई. लोखंडाला काही नसतंय. पाण्याचं तसं न्हाई. पाणी ज्याचं त्याचं. ह्यात कुणाचा अपमान न्हाई बाई, रीत हाय."

बाटली. पांढरं कापड. तू बस गं, दमली आसशील. मी पंख्याखाली बसले होते आणि त्या माझ्या हातांपासून त्यांच्या शेवया वाचवत होत्या. माझ्याच मशीनवर. माझ्याच पोर्चमध्ये. आणि मी आईला फोन करून त्यांचं कौतुक सांगितलं होतं. काकूंनी मला कढीपत्ता दिला, हळदीकुंकवाचं वाण दिलं, मुलीला खाऊ दिला. माझ्या घरातलं काही त्यांच्या तोंडात गेलं होतं का, ते मी आठवून बघितलं. काहीच आठवलं नाही.

आमच्या गावात निदान लपवत नव्हते. तिथं आईला ओंजळीत वरून पाणी वाढायचे आणि आईला ठाऊक असायचं की हे काय आहे. मला इथं हसून, लाडानं, गं म्हणून दूर ठेवलं होतं. आणि मी त्याला माया समजत होते.

अभियंत्यानं मान खाली घातली होती. त्याला ऐकू आलं होतं, नव्हतं असं नाही. पण त्याला त्याचं काम संपवायचं होतं. त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"ग्राहक पाणी स्वतः आणतात. घरगुती नळाच्या पाण्याचा व्यवसायासाठी वापर नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "झालं ताई. तुमचं नियमात बसतंय. परवानगीला अडचण नाही."

नानांचा चेहरा पडला. त्यांचीच रीत त्यांच्या तक्रारीला नडली होती. मागं उंबऱ्यात नवरा भिंतीला धरून उभा होता, त्यानं सुटकेचा श्वास सोडला. तो मला ऐकू आला. मी जिंकले होते. माझं मशीन वाचलं होतं, मुलीची शाळा वाचली होती. कशामुळं? तर माझं पाणी विटाळाचं म्हणून. ते सरकारी कागदावर साळसूद शब्दांत आलं होतं आणि त्याच कागदावर मला परवानगी मिळणार होती.

"साहेब, ते खोडा," मी म्हणाले.

"काय?"

"पाण्याचं लिहिलेलं. असं लिहा. आजपासून ह्या घरात मळायचं पाणी माझं. बाटली घेऊन येणारीच्या शेवया मी काढणार न्हाई."



"अहो ताई, तुमच्याच फायद्याचं आहे ते." तो खरंच काळजीनं बोलत होता. "हे काढलं तर पाणी कुठून आणणार ते लेखी द्यावं लागेल. परत पाहणी, परत सुनावणी. तोपर्यंत मशीन बंद. ऐन उन्हाळा आहे. विचार करा."

"अगं..." मागून नवरा म्हणाला. एवढंच म्हणाला.

"मी पाणी इकत आणीन. जारचं आणीन, टँकरचं आणीन, पावती दाखवीन. पण ते माझ्या हंड्यातलं आसंल आन् माझ्या हातानं वाढलेलं आसंल. तुम्ही लिहा."

"खोडता येत नाही," तो म्हणाला. "खाली तुमचं म्हणणं लिहितो." त्यानं लिहिलं. मी वाचलं आणि सही केली. नाना बाकीच्यांकडं वळून म्हणाले, "बघा. हिलाच नको हाय. आपण काय करणार?" आणि हसले. फाटकाशी उभ्या असलेल्या बायका एकेक करून निघून गेल्या. काकू सगळ्यात शेवटी गेल्या.

त्या संध्याकाळी नवरा माझ्याशी भांडला. तो कधी भांडत नाही. "पाणी कुणाचं का आसंना, चूल तर पेटत होती," म्हणाला. "लिहू द्यायचं की त्याला. आपलं काम होऊन राहिलं होतं. तू तुझ्या हातानं बंद केलंस."

"मग रोज बसू त्या पंख्याखाली? आता माहीत झाल्यावर?"

"लोकं ह्याच्यापेक्षा लई सोसतेत."

"सोसू दे. तुम्ही व्हॅन चालवत होता तवा लेकरं तुमच्या गाडीत बसायची, तुम्ही दिलेलं पाणी प्यायची. तुम्हाला कुणी बाटली दाखवली आसती तर?"

त्यानं कमरेचा पट्टा सैल केला. नंतर म्हणाला, "मी तुझ्याच बाजूनं हाय. पण मला भेव वाटून राहिलं." मलाही वाटत होतं. ते मी त्याला सांगितलं. दोघांपैकी कुणी जेवलं नाही, मुलीला तेवढं वाढलं.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. आत आल्या नाहीत, फाटकाशीच उभ्या राहिल्या. आता मला दिसायला लागलं होतं की त्या नेहमी पोर्चपर्यंतच यायच्या.

"नाना तक्रार मागं घेतेत म्हणाले," त्या म्हणाल्या. "एवढंच कर, मशीन त्यांच्या पोर्चात ठेव. तू येऊन चालव. पैसे तुझेच. कुणाला काही म्हणायला जागा राहत न्हाई."

"नानांचं घर निवासी भागात न्हाई का, काकू?"

"त्यांचं ते बघून घेतेत."

"आन् पाणी?"

"त्यांच्या घरचं. तुला काही करायचं न्हाई बघ. बटन तेवढं दाबायचं."

म्हणजे आवाजाचा त्रास नव्हता. गर्दीचा नव्हता. नियमाचा तर मुळीच नव्हता. त्यांना मशीन हवं होतं, मीसुद्धा चालत होते, हात दूर ठेवून. त्यांना नको होतं ते माझं दार. त्यांच्या बायकांनी शेवयांसाठी माझ्या दारात यावं, माझ्या दारात थांबावं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्याला त्यांनी निवासी भाग असं नाव दिलं होतं.

"न्हाई जमायचं, काकू."

"अगं, मी तुझं कधी वाईट चिंतलं का?" त्यांचे डोळे भरले. खोटे नव्हते भरले.

"न्हाई. तुम्ही चांगल्या हायेत. म्हणूनच मला इतके दिवस कळलं न्हाई."

मी आत गेले. माठातलं पाणी तांब्यात घेतलं, पेला घेतला, फाटकाशी आले. पेला भरून त्यांच्यापुढं धरला. "ऊन लई हाय. पाणी घ्या. मग बोलू."

काकूंनी पेल्याकडं बघितलं. मग त्यांच्या घराच्या खिडकीकडं बघितलं.

"आज चतुर्थी हाय," म्हणाल्या.

चतुर्थीला पाणी चालतं. ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी पेला तसाच धरून उभी राहिले. मला त्यांना सहज सुटू द्यायचं नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि रस्ता ओलांडून गेल्या. मी ते पाणी तिथंच, फाटकाशी, प्याले.

मशीनवर आता चादर टाकलेली आहे. बायकांनी दुसऱ्या भागातलं मशीन शोधलं आहे, रिक्षा करून जातात. मी लोकांचे ब्लाऊज शिवते. घरात एक भाजी होते. नांदेडला माझा भाऊ आहे. त्याचा फोन आला. "मशीन इकडं घेऊन ये ताई," म्हणाला. "बाजारात गाळा बघतो. बाजारात कुणी कुणाचं पाणी इचारत न्हाई." तो माझ्या काळजीनं बोलला आणि खरंही बोलला. बाजारात विचारत नाहीत, कारण बाजारात मी कोण हे कुणाला माहीत नसतं. मला ते नको. मी कोण हे जिथं घरोघर माहीत आहे, तिथंच मला चालवायचं आहे.

नाना रोज सकाळी फाटकावरून जातात. आता डोकावत नाहीत, सरळ पुढं बघून जातात. मी पोर्चमध्ये उभी असते. मुद्दाम असते.

सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. तिथं मला वकील नको, भाषण नको. मी एवढंच म्हणणार आहे. जागा थोडी आहे, मोटर लहान आहे, आवाज मिक्सरएवढा आहे आणि पाणी माझं आहे. द्यायची तर हे सगळं लिहून परवानगी द्या. नाकारायची तर पाणी हिचं आहे म्हणून नाकारली, असं लिहा आणि खाली सही करा. तो कागद घेऊन मी वर जाईन. तिथं नाही झालं तर त्याच्याही वर जाईन. मशीन विकणार नाही. नानांच्या पोर्चमध्ये ठेवणार नाही. नांदेडला नेणार नाही. ते माझ्या दारातच चालेल. आणि माझ्या दारात कुणी बाटली घेऊन आली, मग ती काकू का असेना, तिला मी फाटकातूनच परत पाठवीन.